साक्ष देणारा कॅमेरा : आनंद पटवर्धन यांचे माहितीपट

मुख्य चित्रपटापूर्वी माहितीपट सुरू झाला की प्रेक्षकांनी बाहेर रेंगाळावे, चहा घ्यावा आणि नामावली सुरू झाल्यावर आत यावे, ही तालुक्याच्या गावांतील चित्रपटगृहांची जुनी रीत. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना अनेक वर्षे बंधनकारक होते. धरणे, कालवे, पोलादाचे कारखाने, कोनशिला बसवणारे मंत्री आणि या साऱ्यावर पसरलेला निवेदकाचा घनगंभीर आवाज, असे त्यांचे ठरलेले रूप असे. त्यांत उत्तम कलाकृतीही होत्या, हे नाकारता येणार नाही. तथापि 'माहितीपट म्हणजे सरकारचे सांगणे' ही समजूत जनमानसात घट्ट झाली, ती या सक्तीमुळेच. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा आदेश निघाला. ती समजूत मात्र अजून मावळलेली नाही.

मराठीत या प्रकाराला 'अनुबोधपट' असाही एक शब्द आहे. एक शब्द माहिती देऊ पाहतो, दुसरा बोध. आनंद पटवर्धन यांनी गेली पन्नास वर्षे जे चित्रपट केले, त्यांना हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. घटना घडत असता तेथे हजर राहणे, जे पाहिले ते जपून ठेवणे आणि विचारणा झाली की उभे राहून सांगणे, याला आपल्या श्रद्धेच्या भाषेत 'साक्ष देणे' म्हणतात. पटवर्धनांचे काम या जातीचे आहे. ते स्वतः कोणत्याही धर्माचे प्रवक्ते नाहीत. धर्माच्या नावाने चालणाऱ्या व्यवहारांवर त्यांनी कठोर बोट ठेवले आहे. म्हणूनच, एका श्रद्धावंत कॅथलिक कुटुंबाने हे चित्रपट पाहावेत काय आणि पाहिल्यास कसे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या कारकीर्दीचा थोडा विस्ताराने परामर्श घेत आहोत.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. घराणे स्वातंत्र्यलढ्यातले. नगरचे रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका; अच्युतराव तर बेचाळीसच्या आंदोलनातील भूमिगत नेते म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. मातोश्री निर्मला पटवर्धन मूळच्या सिंधच्या आणि मृत्तिकापात्रांच्या कलेत नावाजलेल्या. मुंबईत इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन आनंद शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले व तेथे समाजशास्त्र शिकले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. चावेझ हे नाव आपल्या वाचकांनी विसरू नये. द्राक्षमळ्यांतील मजुरांचा हा नेता निष्ठावंत कॅथलिक होता. ग्वादालूपेच्या मातेची पताका त्याच्या पदयात्रांच्या अग्रभागी असे आणि १९६८ सालचे पंचवीस दिवसांचे उपोषण त्याने मिस्साबलीच्या वेळी सोडले होते. भारतात परतल्यावर पटवर्धन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' या ग्रामीण शिक्षण-प्रकल्पात राहिले. म्हणजे कॅमेरा त्यांच्या हाती पूर्णपणे स्थिरावण्यापूर्वीच माणसांमध्ये राहून काम करण्याची सवय त्यांना लागली होती. पुढे चित्रपटांना जे बळ आले, त्याचा उगम आम्हांला या क्रमात दिसतो.

पहिला महत्त्वाचा चित्रपट 'क्रांति की तरंगें' बिहारातील जयप्रकाशजींच्या आंदोलनावर आहे. साधने अगदी तुटपुंजी होती. आठ मिलिमीटरच्या हौशी कॅमेऱ्यावर काही भाग टिपला, तो पडद्यावर दाखवून सोळा मिलिमीटरच्या फितीवर पुन्हा चित्रित केला. चित्रपट हातावेगळा होतो न होतो तोच, २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. मग प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्रवाशांच्या हाती परदेशी पाठवण्यात आले व तेथे पुन्हा जोडण्यात आले. चित्रणाचा दर्जा खडबडीत आहे, ध्वनी कोठे कोठे फाटतो. पण भयाच्या काळात जपलेल्या कागदाला जे मोल येते, ते या फितीला आहे. आणीबाणीनंतर, १९७८ साली, राजकीय कैद्यांवरील 'जमीर के बंदी' आला. १९८१ साली कॅनडातील भारतीय शेतमजुरांवरील 'उठान दा वेला' आला. चावेझच्या सहवासात जे शिकले ते येथे उपयोगी पडले असावे, असे हा चित्रपट पाहताना वाटते.

पटवर्धनांच्या कलेचे खरे वळण १९८५ सालच्या 'हमारा शहर' या चित्रपटात आहे. विषय मुंबईतील झोपडपट्ट्या हटवण्याचा. १९८१ साली पदपथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावला असल्याचे मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही दिली. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत जी माणसे चिरडली जातात, ती या चित्रपटात आहेत. शहराची घाण कशी हटवावी याची चर्चा सुखवस्तू दिवाणखान्यांत चालते. आणि ज्यांना घाण म्हटले जाते, तेच या शहराच्या इमारती बांधत असतात. आपल्या खानदेशातून दुष्काळाच्या वर्षी पोटासाठी सुरत, नाशिक, मुंबईकडे गेलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चेहरे परके वाटणार नाहीत.

या चित्रपटातील एका प्रसंगावर मात्र थांबले पाहिजे. झोपडे मोडून पडलेले असताना एक स्त्री कॅमेऱ्याकडे वळते आणि चित्रपटकर्त्यालाच जाब विचारते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावाल, आमच्या हाती काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. कोणीही चतुर संकलक हा तुकडा कापून टाकील. पटवर्धनांनी तो ठेवला. आमच्या मते त्यांच्या सबंध कारकीर्दीचा नैतिक पाया या निर्णयात आहे. जो दुसऱ्यांची साक्ष घेतो, त्याने आपल्याविरुद्धची साक्षही नोंदवली पाहिजे. आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाला पडद्यावर उत्तर नाही. उत्तर पुढच्या आचरणातच शोधावे लागते. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, १९८६ साली, पटवर्धन मुंबईतील संजय गांधी नगराच्या बेघर झालेल्या रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. शबाना आझमीही त्या उपोषणात होत्या. दया आणि सोबत यांतला फरक दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात आपण अनेकदा ऐकला आहे. जखमीला पाहून हळहळणे वेगळे आणि त्याला खाणावळीपर्यंत नेणे वेगळे.

'हमारा शहर'मध्ये एक शाहीर गातो. त्याचे नाव विलास घोगरे. बारा वर्षांनी, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मृत्युमुखी पडले. ते पाहून व्यथित झालेल्या घोगरे यांनी काही दिवसांतच कपाळाला निळी पट्टी बांधून आपल्या घरात जीवन संपवले. पटवर्धनांनी आपल्या या जुन्या सोबत्याच्या मृत्यूचा माग घ्यायला सुरुवात केली आणि त्या शोधाला चौदा वर्षे लागली. २०११ साली पूर्ण झालेला 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांहून मोठा आहे. गोळीबाराच्या खटल्यात पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा होण्यास २००९ साल उजाडले. चित्रपट तोवर थांबला. २००६ सालचे खैरलांजी प्रकरण आले, तेही त्यात शिरले. पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरे गाऊ लागली, त्यांचीही गाणी आली. जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट प्रथम दाखवला गेला, तो भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, ज्यांची ही गोष्ट त्यांच्यासमोर.

आम्ही या चित्रपटाला पटवर्धनांची सर्वश्रेष्ठ कृती मानतो. येथे निवेदन अगदी थोडे आहे आणि गाणे भरपूर. शाहिरी, भीमगीते, रस्त्यावरचे जलसे यांतून एका समाजाने आपले दुःख आणि आपला अभिमान कसा जपला, हे ऐकता ऐकता कळते. चित्रपटकर्ता फारसा युक्तिवाद करत नाही, तो ऐकतो. आणि पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न आपोआप उभे राहतात. आमच्यापुरते सांगायचे तर एक प्रश्न टळत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात विरघळते, असे आपण शिकवतो. मग आपल्या सोयरिकींत जात पहिल्यांदा का विचारली जाते? काही ठिकाणी पूर्वजांचा समाज अजून रांगेतली जागा का ठरवतो? हा चित्रपट ख्रिस्ती समाजावर नाही. तरीही तो आपल्या अंगणात येऊन उभा राहतो.

खानदेशच्या वाचकांना सर्वांत जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे सीमंतिनी धुरू यांच्यासह केलेला 'नर्मदा डायरी' (१९९५). सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी तेहेतीस गावे येणार होती, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आमच्या नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीतलाच हा डोंगराळ मुलूख. त्यातील मणिबेली हे गाव १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देशभर गाजले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली प्रकल्पातील पुनर्वसनाच्या व पर्यावरणाच्या त्रुटींवर नेमके बोट ठेवले आणि १९९३ साली बँकेचे उरलेले कर्ज थांबले. धरण मात्र थांबले नाही. १३८.६८ मीटर उंचीचे ते बांधकाम पुरे होऊन १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले.

डायरी या नावाला जागून हा चित्रपट दिनांकांनी पुढे सरकतो. मोर्चे, बैठका, पोलीस, पाऊस, वाढणारे पाणी. एखाद्या विजयाकडे किंवा पराभवाकडे नेणारे कथासूत्र त्यात नाही, म्हणून काहींना तो विस्कळीत वाटतो. आम्हांला त्याचे मोल वेगळे वाटते. जी गावे आता नकाशावर पाणी होऊन राहिली आहेत, त्यांतले भिल्ल-पावरा स्त्रीपुरुष येथे आपल्या ओट्यावर, आपल्या भाषेत, आपल्या नदीविषयी बोलताना शिल्लक आहेत. फिल्म्स डिव्हिजनच्या काळात धरण हेच नायक असे. येथे धरणाच्या भिंतीमागची माणसे आहेत. गुजरातच्या कोरड्या भागांना पाणी मिळाले, हेही खरे आहे आणि ते नाकारून नर्मदेचा प्रश्न समजणार नाही. या दुसऱ्या बाजूला डायरीत जागा थोडी मिळाली आहे. पण त्या बाजूची चित्रे काढायला सरकार समर्थ होते. मणिबेलीची चित्रे कोणी काढली असती?

याच मालिकेत 'फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड' (१९९८) हा मच्छीमारांवरील चित्रपट येतो. परदेशी जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने देण्याचे धोरण १९९१ साली आले. त्याविरुद्ध राष्ट्रीय मच्छीमार संघटना लढली आणि मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्या संघटनेचे नेतृत्व करणारे फादर थॉमस कोचेरी हे रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू होते. २०१४ साली ते निवर्तले. वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या बांधवांना या लढ्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. वसईच्या हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जे केले तेही याच पंक्तीतले. वेदीपाशी उभे राहणारा माणूस किनाऱ्यावर आणि रस्त्यावरही उभा राहू शकतो, हे या धर्मगुरूंनी दाखवले.

आता धर्मविषयक चित्रपटांकडे वळू. 'राम के नाम' हा १९९०-९१ चा चित्रपट. सोमनाथहून निघालेली रथयात्रा, ३० ऑक्टोबर १९९० चा अयोध्येतील संघर्ष आणि त्या साऱ्याच्या भोवतीचा सामान्य माणूस त्यात आहे. ६ डिसेंबर १९९२ च्या आधी तो पूर्ण झाला, हे ध्यानात ठेवून पाहिला म्हणजे अंगावर काटा येतो. पण या चित्रपटाचे हृदय आहे ते पुजारी लालदास यांच्या मुलाखतीत. न्यायालयाने नेमलेले, रामजन्मस्थानी पूजा करणारे हे पुजारी शांतपणे सांगतात की, हा खेळ राजकारणाचा आहे, भक्तीचा नाही. आणि अयोध्येत हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने राहत आले आहेत. बोलण्यात क्रोध नाही, आवाज चढत नाही. १९९३ साली त्यांची हत्या झाली.

येथे आम्हांला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. पटवर्धन विवेकवादी आहेत. धर्मांधतेवरचा उपाय विवेक, अशी त्यांची भूमिका. पण त्यांच्या धर्मविषयक चित्रपटांत सर्वांत खोल ठसा उमटवणारी साक्ष एका श्रद्धावंताने दिली आहे. शेंडी-गंध असलेला, रोज मूर्तीपुढे दिवा लावणारा एक पुजारी आपल्याच देवाच्या नावाचा गैरवापर सहन करत नाही आणि त्याची किंमत मोजतो. कोणत्याही युक्तिवादापेक्षा हे भारी आहे. धर्माला त्याच्या विटंबनेपासून बाहेरचा टीकाकार एका मर्यादेपर्यंतच वाचवू शकतो. पुढचे काम आतल्या माणसाचे. लालदासांसमोर कॅमेरा लावून त्यांना पुरेसे बोलू देणे, ही चित्रपटकर्त्याची थोरवी होय.

'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' (१९९५) या चित्रपटाचे नाव ऐकून कोणीही कॅथलिक दचकेल. इंग्रजी शीर्षकात तर आपल्या क्रूसखुणेच्या शब्दांवरच श्लेष आहे. पवित्र आत्म्याच्या जागी पवित्र युद्ध बसवले आहे. बाप्तिस्म्यापासून मरणशय्येपर्यंत जे शब्द आपल्या ओठांवर असतात, त्यांच्याशी असा खेळ झाला की मन दुखावते. ही भावना लपवण्याचे कारण नाही. पण दुखावलेल्या मनाने चित्रपट न पाहताच निकाल द्यावा काय? चित्रपटात पवित्र त्रैक्याची थट्टा कोठेही नाही. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात १९८७ साली देवराळा येथे सती गेलेल्या रूपकंवरचे उदात्तीकरण आणि १९९२-९३ च्या मुंबईतील दंगली आहेत. दुसऱ्या भागात पुरुषार्थाच्या बाजारू कल्पनांचा शोध आहे. रस्त्यावर ताकदीची औषधे विकणाऱ्यापासून सभेत गर्जणाऱ्या पुढाऱ्यापर्यंत सारे पुरुषाला एकच सांगतात की, तू दुबळा ठरू नकोस. बाप मुलाला काय वारसा देतो, हा या चित्रपटाचा प्रश्न आहे. पिता आणि पुत्र यांच्यामध्ये आत्मा असतो तो प्रेमाचा, असे आपली श्रद्धा सांगते. तो आत्मा काढून घेतला तर त्या जागी काय शिरते, ते या चित्रपटात दिसते. शीर्षक आम्हांला आवडले नाही. पण त्यातून निघणारा अर्थ आपल्या उपदेशाच्या विरुद्ध जात नाही.

दोष सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो, तेव्हा तो आरोप वाचून दाखवत नाही. श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची गोष्ट सांगतो. राजा संतापून त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो आणि मग कळते की निवाडा स्वतःवरच झाला. पटवर्धन जेव्हा नाथानासारखे वागतात, तेव्हा ते अजोड असतात. 'जय भीम कॉम्रेड' आणि 'राम के नाम'मधील उत्तम भाग असे आहेत. पण अनेक ठिकाणी ते आरोपपत्रच वाचू लागतात. प्रतिपक्षाच्या माणसाला असा प्रश्न विचारायचा की तो अडखळावा आणि त्याच्या बोलण्यावर लगेच त्याला खोटे पाडणारे दृश्य जोडायचे, ही त्यांची लाडकी पद्धत. प्रेक्षागृहात हशा पिकतो. हसणारे मात्र आधीच चित्रपटकर्त्याशी सहमत असतात. ज्याचे मन वळवायचे, तो अपमानित होऊन उठून जातो. हातात झेंडा घेऊन धावणारा वीस वर्षांचा पोर कोणत्या घरातून आला, कोणत्या भीतीने आला, हे 'पिता, पुत्र'च्या काही भागांत उमगते. इतरत्र तो केवळ नमुना उरतो.

दुसरा दोष असा की, प्रार्थनेत वाकलेल्या माणसाच्या अंतरंगाविषयी या कॅमेऱ्याला कुतूहल कमी आहे. धर्माचा जाहीर गोंगाट तो टिपतो; त्याचे मौन क्वचित टिपतो. वारकऱ्याची वाट, अजमेरच्या दर्ग्यातली कव्वाली, माउंट मेरीच्या पायऱ्यांवरची मेणबत्ती यांतही हा देश आहे. २०१८ चा 'विवेक' पाहताना ही उणीव जास्त जाणवते. डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉम्रेड गोविंद पानसरे, प्रा. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांचा मागोवा घेणारा हा सुमारे चार तासांचा चित्रपट अॅमस्टरडॅमच्या जागतिक माहितीपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. त्यातील पानसऱ्यांची भाषणे, रोहित वेमुलाच्या आईचे दुःख हे भाग विसरता येणारे नाहीत. तरी एवढ्या विस्तारात तेच सूत्र वारंवार येते आणि संकलकाने थोडी माया पातळ केली असती तर धार वाढली असती, असे वाटते.

हे दोष मान्य करूनही एका गोष्टीसाठी आपण सर्वांनी या माणसाचे ऋणी असले पाहिजे. बोलण्याच्या हक्कासाठी त्यांनी न्यायालयांच्या पायऱ्या जितक्या झिजवल्या, तितक्या क्वचितच कोणी कलावंताने झिजवल्या असतील. 'हमारा शहर', पंजाबवरील 'उना मित्रां दी याद प्यारी', 'राम के नाम' हे चित्रपट न्यायालयीन लढ्यानंतरच दूरदर्शनवर आले. 'पिता, पुत्र'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शनने तो नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ च्या निकालानंतर तो अकरा वर्षांनी प्रक्षेपित झाला. अण्वस्त्रचाचण्यांवरील 'जंग और अमन' या २००२ च्या चित्रपटाला परीनिरीक्षण मंडळाने एकवीस काटछाटी सुचवल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एकही काटछाट न करता तो मोकळा केला. कलाकृती तुकड्यांनी पाहू नये, संपूर्ण पाहावी; आणि ती खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या दृष्टीने तोलावी, हातपाय गाळणाऱ्याच्या नव्हे, हे तत्त्व या निकालांतून दृढ झाले. अल्पसंख्य समाजाला या तत्त्वाचे मोल अधिक कळायला हवे. उद्या आपल्याला आपले दुःख सांगायचे असेल, तर तो दरवाजा उघडा राहिला पाहिजे.

ख्रिस्तसभेचीही या बाबतीत वाटचाल झाली आहे. १९३६ साली अकराव्या पायस यांच्या चित्रपटविषयक परिपत्रकात जपणुकीचा, सावधगिरीचा सूर प्रमुख होता. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवरील आदेशपत्र काढले, १९७१ मध्ये त्याचा विस्तार करणारी मार्गदर्शिका आली आणि भर हळूहळू 'काय पाहू नये' यावरून 'कसे पाहावे' यावर आला. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादीही प्रसिद्ध केली. पाहणाऱ्याला शहाणे करणे, ही आता आपली जबाबदारी आहे.

पटवर्धनांच्या २०२३ च्या 'वसुधैव कुटुंबकम्' या चित्रपटाने तर हे काम सोपे केले आहे. येथे कॅमेरा घरातच वळला आहे. म्हातारे आईवडील, त्यांच्या थट्टामस्करी, आईची मातीची भांडी, काकांच्या आठवणी, सिंध सोडून आलेले आजोळ. ज्या हातांनी अर्धशतक मोर्चे टिपले, त्याच हातांनी थरथरत्या बोटांची माया टिपली आहे. येथे कोणालाही खोटे पाडायचे नाही, म्हणून आवाज मृदू झाला आहे. स्वातंत्र्यलढ्याचा वारसा म्हणजे पुतळे नव्हेत, एका घरातले बोलणे-चालणे आहे, हे सहज कळते. आजीआजोबा ज्या घरात आहेत, त्या घराने हा चित्रपट एकत्र बसून पाहावा.

पाचोऱ्यासारख्या गावी असले चित्रपट चित्रपटगृहात लागत नाहीत. पूर्वी ध्वनिचित्रफिती हातोहात फिरत. आता यांतील बरेच चित्रपट दूरचित्रवाणी संचावर वा भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. पण एकट्याने हातातल्या पडद्यावर पाहणे आणि धर्मग्रामाच्या सभागृहात शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पाहणे यांत फरक आहे. 'जय भीम कॉम्रेड' तरुण मंडळाने दोन बैठकांत पाहावा आणि प्रत्येक बैठकीनंतर अर्धा तास बोलण्यासाठी राखावा. 'नर्मदा डायरी' शाळेतल्या वरच्या वर्गांना दाखवावी. 'पिता, पुत्र'चा दुसरा भाग प्रौढांसाठीच आहे. तो बापांनी पाहावा आणि आपण मुलग्यांना काय शिकवतो याचा विचार करावा. 'राम के नाम' पाहताना आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही बोलवावे, कारण पुजारी लालदास प्रथम त्यांचे आहेत आणि मग आपल्या सर्वांचे.

आणि पाहून झाल्यावर त्या झोपडपट्टीतील स्त्रीचा प्रश्न आपल्याला लागू होतो, हे विसरू नये. चित्रे पाहणाऱ्यांनी पाहिली, पुढे काय?